विरजण राहिलं!

तिने सकाळपासून सहाव्यांदा फ्रीजर उघडला. आठही बाटल्यांतलं मिठाचं पाणी अजून डुचमळतच होतं. उणे बाराला गोठायला हवं ते पाणी उणे अठरालाही ढिम्म!

साडेदहाला दूधपेढीच्या डॉक्टरीणबाई येणार होत्या. आयांनी दान केलेलं गोठवलेलं दूध लांबच्या इस्पितळांतल्या इवल्या बाळांपर्यंत न वितळता न्यायचं, त्यासाठी पेटीत दुधाभोवती रचायच्या या बाटल्या. "साध्या घरगुती फ्रीजमध्ये गोठवून दाखवा, तरच पुढचं बोलू," अशी बाईंची अट. म्हणून प्रयोग प्रयोगशाळेतून थेट तिच्या स्वयंपाकघरात आला होता.

तिने प्रयोगशाळेतल्या मैत्रिणीला फोन लावला. "अगं, गोठतच नाहीत!"

"विरजण घातलंस ना?"

तिने कालची पिशवी उलटी केली. बाटल्यांतल्या पाण्यात घालायच्या पावडरीला प्रयोगशाळेत सगळे विरजणच म्हणत. पाणी नुसतं गार होऊन भागत नाही, पहिला स्फटिक धरायला त्याला काहीतरी लागतं. पावडरीचे कण तेवढं काम करतात. काल पिशवीत लेकीच्या मोज्यांचे तीन जोड, दोन थर्मामीटर आणि तापाचं औषध न चुकता आलं होतं. पावडरीची डबी तेवढी प्रयोगशाळेतल्या टेबलावर राहिली होती.

"विरजण राहिलं गं! आता सगळं असंच पाणी राहणार," ती रडवेली झाली. तेवढ्यात आत लेक उठून रडायला लागली, आणि ती फोन टाकून धावली.

ओट्याशी उभ्या सासूबाईंनी सगळं ऐकलं होतं. "एवढी शिकली, आणि विरजण विसरते," असं पुटपुटत त्यांनी दह्याचं भांडं पुढे ओढलं.

लेकीला कडेवर घेऊन ती परतली, तर सासूबाईंचा हात कोपरापर्यंत फ्रीजरमध्ये.

"आई! काय करताय?"

"विरजण लावतेय. सात झाल्या. पण पातळ दूध घेतलंस गं, पाण्यासारखं आहे अगदी."

"अहो, ते दूध नाहीये!"

"मग लागलं कसं?"

खरंच, सातही बाटल्या पांढऱ्याशुभ्र, घट्ट. ती बघतच राहिली, आणि दारावरची बेल वाजली.

डॉक्टरीणबाईंनी बाटली उघडून नाकाशी नेली. "यात दही आहे?"

"घरचंच आहे," सासूबाई म्हणाल्या.

"दुधाच्या पेटीत दही!" बाईंनी पर्स उचलली. "येते मी."

तिची नजर सासूबाईंच्या बाहीवर गेली. फ्रीजरच्या भिंतीवरचा भुरभुरीत बर्फ बाहीला चिकटला होता. वाकून वाकून चमचा घालताना तो खरवडला गेला असणार, बाटल्यांत पडला असणार!

"एकच मिनिट थांबा, प्लीज!"

तिने आठवी बाटली उघडली, भिंतीवरचा बर्फ नखाने खरवडला आणि चिमूटभर आत टाकला. पांढऱ्या सुया सरसर तळापर्यंत धावल्या.

"अगंबाई!" सासूबाई म्हणाल्या. "दह्याशिवाय?"

"दह्याने काहीच केलं नाही, आई. बर्फाच्या कणाने सुरुवात करून दिली." मग बाईंकडे वळून ती म्हणाली, "आमची पावडर हेच काम करते. ती आधीच आत असते, झाकण उघडावंच लागत नाही."

बाईंनी बाटली उलटी केली. थेंब पडला नाही. त्यांनी पर्स खाली ठेवली.

"एका इस्पितळात महिनाभर वापरून बघू. पण त्या पावडरीला आधी दुसरं नाव द्या."

"का हो?"

बाईंनी चमचा पुसणाऱ्या सासूबाईंकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"आमच्या नर्सबाईही घरी दही लावतात."