ढब्बूचा कच्चा आहार

"कच्चं! सगळं कच्चं!" डेपोसाहेबांनी मांसाची पिशवी ओट्यावर आपटली. "आजपासून ढब्बूच्या जेवणाला विस्तव लागणार नाही. घोड्यासारखा धावायला लागला नाही, तर नाव बदलेन!"

ढब्बू हा घरातला म्हातारा कुत्रा. पोस्टमन आला, तर आडवं पडूनच भुंकायचा.

साहेबांची उभी हयात बसडेपोत वेळापत्रकं लावण्यात गेली होती. निवृत्त झाले आणि त्यांचं ऐकणारं कुणी उरलं नाही. मुलगी परगावी, बायको आपल्या कामात. उरला ढब्बू. त्याच्याबद्दलही जनावरांचे डॉक्टर म्हणाले, "वय झालंय, आता सांभाळा." साहेबांना ते मुळीच पटलं नाही! मग फोनवर व्हिडिओ बघून बघून त्यांनी हा उपाय शोधून काढला. आणि साहेबांनी काही हातात घेतलं, की नियम आलेच.

"वाडगा मागच्या गॅलरीत ठेवायचा, दार लोटायचं, आणि खाताना त्याच्याकडे कुणी बघायचं नाही. त्याला संकोच वाटतो."

"ढब्बूला? संकोच?" बायको म्हणाली. "पाहुण्यांच्या ताटात तोंड घालतो मेला!"

"तो शिजवलेल्याचा परिणाम!"

साहेब रोज वाडगा ठेवायचे, दार लोटायचे आणि पेपर आणायला जायचे. परत येईपर्यंत वाडगा लख्ख! मग ते ढब्बूला फिरायला न्यायचे, प्रगती बघायला. आधी कोपऱ्यापर्यंत, मग बागेपर्यंत, मग बागेला वळसा घालून. ढब्बूचं पोट उतरलं, अंगावर तकाकी आली. एकदा तर तो चक्क मांजरामागे धावला! साहेबांना आकाश ठेंगणं झालं. ते सकाळी शीळ घालत उठायला लागले.

जिन्यात भेटेल त्याला ते गाठायचे. "शरीराला शिस्त लावावी लागते हो! मीच बघा, चहातली साखर सोडली. आता बिनसाखरेचाच गोड लागतो!"

खालच्या मजल्यावर दातांची डॉक्टरीण राहायची. तिच्याकडे कापसाच्या बोळ्याएवढं पिल्लू होतं.

"काका, याला कच्चं पचेल का हो? मला भीती वाटते."

"रविवारी सकाळी अंगणात या. सगळ्यांनाच बोलवा. प्रत्यक्ष बघा!"

हे ऐकताच घरात बायकोच्या हातातला डाव खाली पडला. "अहो, चारचौघांत नको. त्याला संकोच वाटतो ना?"

"एक दिवस चालेल!"

"मला जरा सांगायचं होतं..."

"नंतर!" साहेब आरशापुढे भांग पाडत होते. नवीन वेळापत्रक फळ्यावर लागायचं, त्या दिवशी त्यांचा चेहरा असाच फुललेला असायचा. बायकोने तो पाहिला आणि डाव उचलून ती आत वळली.

रविवारी अंगणात आठ-दहा माणसं आणि त्यांची कुत्री जमली. साहेबांनी छोटंसं भाषण ठोकलं आणि कच्च्या मांसाचा वाडगा ढब्बूपुढे ठेवला. ढब्बूने हुंगलं. नाक मुरडलं. साहेबांकडे पाहिलं.

"खा, बाळा! लाजू नको!"

ढब्बूने वाडग्याची कड दातांत धरली, वाडगा उचलला आणि तो ऐटीत जिना चढायला लागला. मागे साहेब, त्यांच्यामागे डॉक्टरीण, तिच्यामागे सगळी वरात! घरात शिरून ढब्बू थेट स्वयंपाकघरात गेला. त्याने वाडगा गॅसच्या शेगडीखाली ठेवला आणि मान वर करून तो कुकरकडे बघत बसला. शिट्टीची वाट बघत!

ओट्यापाशी बायको पदराने कपाळ पुसत होती.

"कधीपासून?" साहेबांनी विचारलं.

"पहिल्या दिवसापासून. तुम्ही पेपर आणायला गेलात की मी हाडं काढून शिजवायचे. वर मूठभर भात." तिने गॅस बारीक केला. "त्याने कच्च्याला तोंडसुद्धा लावलं नाही हो. आणि तुम्ही किती दिवसांनी हसत होता! तो भरलेला वाडगा बघून तुमचं तोंड पडलं असतं, ते मला बघवलं नसतं."

पिल्लू कडेवर घेतलेल्या डॉक्टरीणबाईंनी हळूच विचारलं, "मग काकू, हा इतका टुणटुणीत झाला कशाने?"

"कशाने म्हणजे? हे रोज त्याला बागेला वळसा घालून आणतात ना! बरोबर चालणारं माणूस मिळालं त्याला. ह्यांनाही मिळालं."

मंडळी आवाज न करता पांगली. साहेब खुर्चीत बसून राहिले. चारचौघांत फजिती झाली याचं वाईट वाटलंच. पण ढब्बू त्यांच्या पायावर हनुवटी टेकून बसला होता, आणि ते ओझं त्यांना फार बरं वाटत होतं. बायकोने नेहमीचा कप पुढे ठेवला. साहेबांनी एक घोट घेतला. गोड लागला. नेहमीसारखाच!

ते थबकले. कपात पाहिलं, कुकरकडे पाहिलं, मग बायकोकडे.

"अगं... आणि माझा हा बिनसाखरेचा चहा?"

बायकोने झटकन पाठ फिरवली.

"खाता-पिताना कुणाकडे बघायचं नाही. तुमचाच नियम!"