कर्तव्यावरची झोप

भर दुपारी चौकात हवालदार खुर्चीवर झोपले होते. समोर दोन गाड्या एकमेकींत अडकल्या होत्या आणि चालक एकमेकांच्या घराण्याचा उद्धार करत होते. कोपऱ्यावरच्या कुलूपवाल्याने मोबाइल काढून सगळं टिपलं, गल्लीच्या ग्रुपवर टाकलं. तासाभरात त्याला ठाण्यात बोलावणं आलं.

"कर्तव्यावरच्या पोलिसाचं चित्रीकरण करायला कायद्याची अजिबात हरकत नाही," साहेब अगदी घरच्यासारखं म्हणाले. "फक्त तो कर्तव्यावर हवा."

"ड्युटीवरच होते की, साहेब."

"मग झोपले कसे? ड्युटीवर झोपायचं नाही, असा नियम आहे. म्हणजे व्हिडिओ खोटा."

"खोटा कसा? चांगले घोरत होते!"

"घोरत होते ना? मग ड्युटीवर नव्हते. म्हणजे तुम्ही एका झोपलेल्या खाजगी माणसाचं चित्रीकरण केलंत. तुमचं कुणी केलं तर चालेल?"

कुलूपवाल्याने आयुष्यभर अडलेली कुलपं उघडली होती, पण हे त्याच्या हत्यारांत बसेना. हवालदार एकाच वेळी ड्युटीवर आणि झोपेत होते, असं सांगणारे दोन साक्षीदार आणा, तोवर मोबाइल पुरावा म्हणून जमा, असं ठरलं.

"साहेब, पोट आहे हो त्यावर! कुणाचं दार अडकलं की त्याच नंबरवर फोन येतो."

"निश्चिंत राहा. कपाट मजबूत आहे."

तो गल्लीभर हिंडला. व्हिडिओ सगळ्यांनी पाहिला होता, पोट धरून हसले होते. साक्षीचं नाव काढताच मात्र कुणी काहीच पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी साहेबांनाच दया आली. "देऊन टाका त्याचा मोबाइल." पण कपाटाची किल्ली हवालदारांकडे होती, आणि ती खुर्चीवर असताना कुठे पडली ते त्यांना आठवेना. चौकातल्या टपरीवर रंगवलेला कुलूपवाल्याचा नंबर एका शिपायाला पाठ होता. त्याने फोन लावला. कपाटात घंटी वाजली. सगळ्यांनी ती शेवटपर्यंत ऐकली, मग साहेबांनी शेरा लिहिला : 'कारागिरास संपर्क केला. प्रतिसाद नाही. पोलिसांशी असहकार.'

त्या मोबाइलवर आणखी सहा मिस्ड कॉल आहेत, तुमचे. व्हिडिओ बघत, हसत बाहेर पडलात, दार मागे ओढलंत आणि किल्ली आत राहिली. तासभर जिन्यात बसून तुम्ही शेजाऱ्यांना सांगत होतात, "या लोकांना कामच करायला नको!"