साडेचारची झोप

रीतसर तक्रार कशी करावी, हे आमच्या इंग्लंडातल्या यॉर्कशायरमध्ये कुणाला शिकायचं असेल तर त्याने खुशाल माझ्याकडे यावं. बाकीच्यांना ती विद्याच नाही. यांच्या पायावर कुणी पाय दिला तर हेच माफी मागतात. मी त्यातली नव्हे.

बाबांना रात्री झोपवायला कौन्सिलने, म्हणजे इथल्या नगरपालिकेने, सेविका दिली होती. ती यायची दुपारी साडेचारला! जूनमध्ये इथे साडेनऊपर्यंत उजेड. समोरच्या हिरवळीवर सहाला बोल्सचे, म्हणजे गवतावर जड चेंडू घरंगळवायच्या खेळाचे, सामने रंगतात, आणि जन्मभर तिथे खेळलेले माझे बाबा, विल्फ, पायजमा घालून पडद्याआड टाळ्या ऐकत पडलेले. एकदा फोनवर रडले. "गेनर, जिवंतपणी पुरतायत गं मला." माझी तळपायाची आग मस्तकात गेली.

तक्रार ठोकली. 'आपला फोन आमच्यासाठी मोलाचा आहे' हे ऐकून कान किटले. शेवटी एका गुरुवारी चारच्या सुमारास चौकशीला कौन्सिलचे मिस्टर ऑग्डेन आले. बाबांसारखेच पांढरे केस, निवृत्तीला टेकलेले.

बाबांना मी आधीच दम भरला होता. "खरं बोला. आणि चहा करायला उठू नका. मागे त्या तपासणीवाल्या बाईला चहा करून पाजलात, तर तिने तुम्हाला धडधाकट ठरवलं."

"कसे आहात?" ऑग्डेननी विचारलं.

"मजेत. तक्रार करण्यासारखं काही नाही."

ऑग्डेननी तेच लिहून घेतलं.

"अहो, ती नुसती बोलायची पद्धत आहे!" मी किंचाळले.

"आणि झोपायची वेळ?"

"पोरींना किती घरं असतात. माझं काय अडतंय?"

एवढ्यात पाहुण्याला चहा विचारायचा राहिला हे आठवून बाबा काठी टेकत स्वयंपाकघरात पसार झाले. मी मागोमाग.

"फोनवर रडता, आणि साहेबासमोर शेळी होता?"

"भल्या माणसापुढे रडगाणं कशाला?"

"मग पडा पायजम्यात!"

किटलीवरचा त्यांचा हात थांबला. "मला सामना बघायचाय गं," ते हळूच म्हणाले. मला माझीच लाज वाटली, आणि त्यामुळे राग आणखीच चढला.

चहा घेऊन आलो तर खुर्ची रिकामी. बाबांच्या खोलीत पडदे ओढलेले. पलंगावर बाबांच्या पट्ट्यापट्ट्यांच्या पायजम्यात, गळ्यापर्यंत पांघरूण घेऊन, मिस्टर ऑग्डेन.

"सेविका नवी होती," ते छताकडे बघत म्हणाले. "किल्लीने दार उघडून आली, 'चला आजोबा' म्हणाली. मी गैरसमज झालाय म्हणून सांगणार, तोवर बूट निघालेसुद्धा."

"मग ओरडायचं नाही का?"

"फार घाईत होती बिचारी. बरं दिसलं नसतं."

"आता तरी लिहा! कशी वाटली सेवा?"

ऑग्डेननी उशीला टेकून चहाचा घोट घेतला. "तशी तक्रार करण्यासारखं काही नाही."

मी कपाळावर हात मारला. बाबांनी मात्र टोपी चढवली आणि समोरची हिरवळ गाठली. सेविकेच्या लेखी ते झोपले होते, म्हणजे आज मोकळे. आमचा संघ सपाटून हरला आणि बाबा अंधार पडेपर्यंत टाळ्या वाजवत होते.

चौकशी अजून चालूच आहे. ऑग्डेन दर गुरुवारी साडेचारला येतात, हल्ली बूट स्वतःच काढतात. उरलेले सहा दिवस बाबा अजून पायजम्यातच असतात. म्हणून मी नवी तक्रार ठोकली आहे: एका साहेबाने भागत नाही, आणखी सहा पाठवा.