सात वाजताचे घड्याळजी

टेलरमास्तरांनी पहिल्याच शनिवारी जाहीर करून टाकलं की साखर ही काही एवढी मोठी असामी नाही. पंधरा दिवसांत तिला वेसण घालतो, म्हणाले. ज्या माणसानं चाळीस वर्षं दुसऱ्यांची पोटं कापडात बसवली, त्याला स्वतःचं पोट आवरता येणार नाही की काय! हे भाषण त्यांनी शाळेच्या पहिलीच्या वर्गात, गुडघे हनुवटीला टेकतील अशा बाकावर बसून केलं, त्यामुळे त्याचा व्हायचा तेवढा परिणाम झाला नाही.

मधुमेहाचा गट होता तो. दवाखान्याकडून चालायचा, फुकट होता, आणि ज्यांना खासगी डॉक्टरची पायरी चढणं परवडत नाही अशांसाठी होता. बारा आठवडे, दर शनिवारी सकाळी, उपाशीपोटी यायचं. इस्त्रीवाल्या मावशी, एक हमाल, एक टेम्पोवाला, शाळेचीच शिपाईबाई, असे मिळून अकरा जण जमायचे. सिस्टर आधी बोटाला सुई टोचून प्रत्येकाचा आकडा मोठ्यानं वाचायच्या, मग ताटात काय किती घ्यायचं ते फळ्यावर काढून दाखवायच्या आणि शेवटी सगळ्यांना मैदानाला फेऱ्या मारायला लावायच्या. मास्तरांचा आकडा दोनशे बहात्तर निघाला. मशीन बिघडलंय, असं मास्तरांचं मत पडलं.

पण हसण्यावारी न्यायची ही गोष्ट नव्हती. मास्तरांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. सुईत दोरा ओवायला त्यांना बायको लागायची. गेल्या महिन्यात त्यांनी एका हॉटेलच्या वेटरांचे बारा कोट शिवले आणि बाराच्या बारा कोटांना खिसे आतल्या बाजूनं लावले. हॉटेलवाला भडकला, तेव्हा मास्तर म्हणाले, असू द्या, चोरीची भीती नाही. त्या दिवसापासून हॉटेलचं काम बंद झालं. डोळ्यांच्या डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं, उपाशीपोटीची साखर दीडशेच्या आत आणा, मग हात लावतो. ऑपरेशनची तारीख गटाच्या बाराव्या आठवड्यानंतरची होती. ती हुकली की पुढचा नंबर वर्षानं. तोवर न दिसणाऱ्या टेलरकडे कपडे टाकायला कोण येणार, असं बायकोनं विचारलं होतं, आणि मास्तर त्या रात्री भाकरी अर्धी टाकून उठले होते.

मास्तरांचं दुकान एका चिंचोळ्या गल्लीत, बेकरीला लागून होतं. समोरची इमारत त्यांना दुधात बुडवल्यासारखी दिसायची. दुसऱ्या मजल्यावर कुणीतरी खिडकीत पांढरी उशी वाळत टाकली होती, ती आठ महिने झाले तरी उचलली नव्हती. आळसाला काही सीमा असते की नाही, असं मास्तर येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला उशीकडे बोट दाखवून विचारायचे. गिऱ्हाइकं वर बघून हसायची. आपला विनोद जमला, असं मास्तरांना वाटायचं.

दुसऱ्या शनिवारी सिस्टरनी जोड्या लावल्या. रोज सकाळी सात वाजता आपल्या जोडीदाराला फोन करायचा आणि काल काय खाल्लं, किती चाललो ते खरं खरं सांगायचं. अकरा माणसांत पाच जोड्या झाल्या आणि मास्तर उरले, कारण त्यांच्याशी जोडी करायला कुणीच तयार नव्हतं. एका आठवड्यात सगळ्यांना कळून चुकलं होतं की हा माणूस फक्त बोलतो. सिस्टर नव्या होत्या. त्यांनी मागच्या तुकडीचं रजिस्टर उघडलं आणि त्यातला एक फोन नंबर चिठ्ठीवर उतरवला. घड्याळजी म्हणून आहेत, म्हणाल्या, बारा आठवड्यांत एकही खाडा नाही, असा नेमाचा माणूस तुम्हाला शोधून सापडायचा नाही.

सोमवारी सातला मास्तरांनी दुकान उघडलं आणि फोन लावला. घड्याळजी आहेत का, म्हणून विचारलं. पलीकडे फोन उचललेला होता, पण कुणी बोलेना. मास्तर फोन ठेवणार एवढ्यात आवाज आला. घोगरा, बारीक, बाईचा की पुरुषाचा हेही कळू नये असा.

"बोला."

मास्तरांना एवढं निमंत्रण पुष्कळ झालं. आपण कोण, दुकान कुठे, बेकरीशेजारी निळी पाटी, कुणाकुणाचे कपडे शिवले, साखरेला कसं गुंडाळणार, असं सगळं वीस मिनिटं सांगून झालं. काल काय खाल्लं तेही सांगितलं: दोन भाकऱ्या आणि पालेभाजी.

"आणि?" आवाजानं विचारलं.

"आणि काय? एवढंच."

"आणि?"

मास्तर म्हणाले, नाही म्हणायला तीन कप चहा. तिन्हीत दोन-दोन चमचे साखर. बोलून गेल्यावर त्यांचं त्यांनाच आश्चर्य वाटलं. पलीकडून "उद्या सात" एवढंच आलं आणि फोन बंद झाला.

माणूस अबोल आहे, पण श्रोता चांगला आहे, असं मास्तरांनी बायकोला सांगितलं. गुरुवारी मात्र घोटाळा झाला. बेकरीत ताजे क्रीमरोल निघाले होते आणि वास भिंतीतून दुकानात शिरत होता. मास्तरांनी एक आणला, दुकानाच्या दारात उभ्यानं संपवला, हात झटकले आणि सातच्या ठोक्याला फोन लावून सांगितलं की काल दिवसभरात गोडाला शिवलो नाही आणि आजही शिवणार नाही.

फोनमधून आज टिकटिक ऐकू येत होती. आधीच्या दिवशी ती नव्हती. टिकटिक बराच वेळ चालली आणि मग आवाज आला.

"मिशी पुसा."

मास्तरांनी मिशीला हात लावला. बोटांना क्रीम लागलं. त्यांनी मागे पाहिलं, शिलाई मशीनच्या खाली पाहिलं, लटकवलेल्या कोटांच्या बाह्या एकेक करून चाचपल्या. दुकानात त्यांच्याशिवाय कुणी नव्हतं. त्या दिवशी त्यांनी जे कापड कापलं ते सगळं वाकडं गेलं.

दुसऱ्या दिवशी मास्तर दुकानात शिरले, शटर आतून खाली ओढलं आणि अंधारात बसून फोन केला. आता टिकटिक दोन घड्याळांची होती, एक जाड आणि एक बारीक.

"शटर का लावलंय?" आवाज म्हणाला.

चौथ्या शनिवारी मैदानाला फेऱ्या मारताना मास्तरांनी इस्त्रीवाल्या मावशींना गाठलं. मावशी मागच्या तुकडीतही होत्या. साखर उतरली नाही म्हणून त्यांना पुन्हा त्याच वर्गात बसवलं होतं. मास्तरांनी सहज विचारल्यासारखं विचारलं, तुमच्या वेळचे ते घड्याळजी, त्यांना दूरचं दिसायची काही विद्या वगैरे होती का?

मावशी चालता चालता थांबल्या. "घड्याळजी? अहो, त्यांना जाऊन वर्ष होत आलं. पायाला जखम झाली, ती चिघळली. पोचवायला मी स्वतः गेले होते."

मास्तर पहिलीच्या बाकावर जाऊन बसले. या खेपेला गुडघे आपोआपच हनुवटीला टेकले. सिस्टरनी पाणी दिलं, साखर कमी झाली असेल म्हणून घाईघाईनं बोटाला सुई टोचली. दोनशे पाच. सिस्टर खूश झाल्या, कारण तीन आठवड्यांत आकडा सदुसष्टनं उतरला होता. मास्तरांना मात्र आनंद करावा की बोंब मारावी, ते कळेना.

त्यांनी घरी जाऊन बायकोला सगळं सांगितलं आणि उद्यापासून फोन बंद, असंही सांगितलं. बायको सुईत दोरा ओवत होती. तिनं मान वर केली नाही. "जिवंत माणसांचं चाळीस वर्षांत ऐकलं नाहीत," ती म्हणाली. "मेलेल्याचं ऐकताय तर ऐका. डोळे तरी येतील."

म्हणून मास्तर फोन करत राहिले. भीती वाटायची, पण सात वाजले की बोटं आपोआप नंबर दाबायची. दर आठवड्याला पलीकडे एकेक घड्याळ वाढत होतं. सहाव्या आठवड्यात तर टिकटिकीचा असा गजर असायचा की घोगरा आवाज त्यातून वाट काढत यावा. मास्तरांनी चहातली साखर सोडली. बेकरीकडे पाठ करून चालायला लागले. संध्याकाळी तासभर चालायचे, आणि चालताना मागून कुणी येत नाही ना, हे पाहायला इतक्यांदा वळायचे की मानेचाही व्यायाम व्हायचा. एकदा ते घरूनच फोन करायला बसले, तर आवाज म्हणाला, "आज दुकान बंद?" शेजारी बसलेल्या बायकोनं ते ऐकलं आणि तिनंही त्या दिवशी चहात साखर घातली नाही. तिला मधुमेह नव्हता.

असली बातमी पोटात कशी राहणार? मास्तरांनी हमालाला सांगितली, हमालानं टेम्पोवाल्याला, आणि आठव्या आठवड्यापर्यंत सिस्टर सोडून सगळ्या गटाला ठाऊक झालं की मागच्या तुकडीतले घड्याळजी वरून सगळं पाहतात. खरी गंमत पुढेच आहे. माणसं घाबरून पळाली नाहीत, नंबर मागायला लागली. हमाल म्हणाला, माझा जोडीदार मी काहीही सांगितलं तरी बरं बरं म्हणतो, त्याचा काय उपयोग? सात मास्तरांचे, सव्वासात मावशींचे, साडेसात हमालाचे, अशा वेळा ठरल्या. हमालाला आवाजानं तीनदा "आणि?" विचारलं. तिसऱ्यांदा तो रडला आणि लग्नाच्या पंगतीत तीन वर्षांपूर्वी खाल्लेल्या मिठाईपर्यंत सगळं कबूल केलं. नऊ वाजेपर्यंत घड्याळजींचा फोन मोकळा नसायचा.

सगळ्यांचे आकडे उतरत गेले. सिस्टरच्या साहेबांनी येऊन वर्गाची पाहणी केली आणि गटाच्या यशाचं कारण काय, असं विचारलं. इस्त्रीवाल्या मावशी म्हणाल्या, वरून लक्ष असतं, साहेब. साहेबांना वाटलं, आपल्यालाच म्हणतायत. ते फार समाधानानं गेले.

बाराव्या शनिवारी मास्तरांचा आकडा निघाला एकशे अडतीस. सिस्टरनी तो दोनदा वाचला. मास्तरांचे डोळे भरून आले होते, आणि ते मोतीबिंदूमुळे नव्हे.

एका डोळ्याचं ऑपरेशन झालं. आठ दिवसांनी परवानगी मिळाली तसे मास्तर पहाटेपासूनच तयार होऊन बसले. गल्लीत आले तर जग धुऊन काढल्यासारखं होतं. आपल्या दुकानाची पाटी निळी नसून हिरवी आहे, हे त्यांना त्या दिवशी कळलं. रंगवणाऱ्यानं दोन वर्षांपूर्वी फसवलं होतं. बेकरीतल्या क्रीमरोलवरचा साखरेचा दाणा न् दाणा दिसत होता. इतकं सुंदर काही त्यांनी कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं. एकच, म्हणाले, डोळ्याच्या आनंदात. अर्धा खाल्ला, उरलेला पाठीमागे धरला आणि दारात उभं राहून सातला फोन लावला.

सवयीनं नजर समोर दुसऱ्या मजल्यावर गेली. उशी जागेवर होती.

उशीला चष्मा होता.

उशीनं हात उचलला आणि फोन कानाला लावला. "बोला," मास्तरांच्या कानात घोगरा आवाज म्हणाला, आणि समोर खिडकीत पांढऱ्या केसांच्या म्हातारीचे ओठ हलले. तिच्यामागे भिंतभर घड्याळं होती.

मास्तर उंबऱ्यावर टेकले. "तुम्ही," ते म्हणाले. "तुम्ही घड्याळजी नाही."

"त्यांची बायको," म्हातारी म्हणाली. "ते गेल्यावर इथे खोली घेतली. गुडघे चालत नाहीत म्हणून खिडकीत बसते."

"अहो, मग तीन महिने सांगितलं का नाहीत?"

"पहिल्या दिवशी सांगणार होते. तुम्ही वीस मिनिटं बोलू दिलंत कुठे? मग वाटलं, राहू दे. वर्षभर त्या फोनवर कुणाचा फोन आला नव्हता. तुमचा सातला येतो म्हणून एका घड्याळाला किल्ली दिली. मग दुसऱ्याला दिली. आता सगळी चालतात."

मास्तर उंबऱ्यावरूनच तिच्यामागची घड्याळं मोजायला लागले.

"ते सुद्धा रोज सातला जोडीदाराला फोन करायचे," म्हातारी म्हणाली. "एक दिवस चुकले नाहीत. आणि एक दिवस खरं बोलले नाहीत. मी शेजारी बसून ऐकायचे आणि गप्प राहायचे. नवऱ्याला खोटं कसं पाडायचं, म्हणून."

मास्तरांनी चष्म्यामागचे तिचे डोळे पाहिले. एवढ्या लांबून त्यांना ते दिसत होते. आपल्याला ओरडणारं कुणी असतं हे किती मोठं भाग्य, असं त्यांना एकदम वाटलं.

"आणि?" म्हातारीनं विचारलं.

मास्तरांनी पाठीमागचा हात हळूच पुढे आणला.

"अर्धाच खाल्लाय, आई," ते म्हणाले.

"उरलेला वर घेऊन या," म्हातारी म्हणाली. "मला साखर नाही. आणि दोन जिने चढून या, तेवढंच तुमचं चालणं होईल."

मास्तर चढले. आता ते रोज चढतात. गटाला मात्र त्यांनी यातलं अवाक्षर सांगितलेलं नाही, कारण नवी तुकडी सुरू झालीय, हमालाची साखर अजून एकशे सत्तरच्या खाली आलेली नाही, आणि साडेसातला त्याचा फोन आला की मास्तर तिथेच खिडकीशी बसून, म्हातारीला चहाचा घोट घ्यायला वेळ मिळावा म्हणून, घोगऱ्या आवाजात स्वतःच म्हणतात, "आणि?"