फळीवरचे बैल

गेणूभाऊंना सायकलवर बसलेलं मी फारसं पाहिलं नाही. सायकल त्यांची स्वतःची होती, वेळच्या वेळी तेलपाणी केलेली होती. पण सीटवर बहुधा दुसरंच कुणी असे. कधी दगडी उखळ, कधी फुटक्या तोंडाचा रांजण, कधी मोटेचं लाकडी चाक. त्याला सुतळीनं बांधायचं, एक हात त्याच्या पाठीवर ठेवायचा आणि आपण शेजारून चालायचं. एकदा सुप्याहून असे चालत आले. मी म्हटलं, "अहो, एवढं लांब पायी?"

"मग काय उखळाला चालाया लावू, सर?"

पारनेरला गुरांच्या दवाखान्यात ते ड्रेसर होते. मी हायस्कुलात नुकताच मास्तर म्हणून रुजू झालो होतो आणि पत्र्याच्या एकाच ओळीत आमच्या खोल्या शेजारी-शेजारी होत्या. ते एकटेच राहत. पन्नाशी ओलांडलेले, काटक, डोक्याला टोपी, खाकी सदऱ्याच्या खिशात गुरांचा थर्मामीटर. सुया टोचायला खेडोपाडी जायचे आणि येताना कुणीतरी टाकून दिलेलं काहीतरी घेऊन यायचे. तो काळच टाकून देण्याचा होता. विहिरींवर इंजिनं बसली, मोटा उकिरड्यावर गेल्या. पिठाच्या गिरण्या आल्या, जाती पायऱ्यांना लागली. गाव टाकत होतं आणि गेणूभाऊ उचलत होते.

त्यांच्या खोलीत मी पहिल्यांदा पाय ठेवला तेव्हा माझा आवाज आपोआप खाली आला. भिंती शेणमातीनं सारवलेल्या, वरून पांढऱ्या मातीचा हात. समोर मोटेचं चाक, त्याच्याभोवती बैलांच्या घुंगुरमाळा. एका भिंतीवर चिंध्या जोडून शिवलेली बैलाची झूल, तिच्यात लुगड्यांचे इतके रंग की नजर हलत नसे. कोपऱ्यात नांगर उभा. आता नांगराच्या रुमण्यावर सदरा वाळत घातलेला असे आणि गजराचं घड्याळ जात्यावर बसून टिकटिकत असे, ही गोष्ट वेगळी. पुण्यात मी मोठ्या लोकांचे दिवाणखाने पाहिले होते. तिथं चप्पल काढावी लागते म्हणून काढली होती. इथं काढावीशी वाटली.

"सर, ह्याच्यात हात दिसतोय का, हात?" हा त्यांचा ठरलेला प्रश्न. पुढ्यात लाकडी काठवट असायची. मी आपला म्हणायचो, लाकूड दिसतंय. मग ते माझं बोट धरून काठवटीच्या कडेवरून फिरवायचे. "हितं वाकसाचा घाव वाकडा गेलाय. घरात भांडून आला आसंल सुतार. अन् हितनं पुढं बघा, कसा सरळ झालाय. राग उतारला." सुतार मरून तीस-चाळीस वर्षं झाली असतील, पण गेणूभाऊंना त्याचा राग उतरल्याचं समाधान वाटत असे.

आमच्या हिनं नगरहून प्लास्टिकचे गुलाब आणून टेबलावर ठेवले होते. गेणूभाऊ चहाला आले, बराच वेळ त्या गुलाबांकडं बघत बसले आणि हळहळून म्हणाले, "झ्याक हायेत, वहिनी. पन कुनाचा हातच लागला न्हाई बिचाऱ्यांना." ही दोन दिवस धुसफुसत होती. तिसऱ्या दिवशी गुलाब ट्रंकेत गेले.

बाकी कुठल्याही वस्तूला हात लावा, उचला, वाजवून बघा, गेणूभाऊंची ना नसे. आतल्या खोलीतली फळी मात्र सोवळ्यातली. तिथं मातीचे बैल होते. ज्याच्या गोठ्यात बैल नाही तो पोळ्याला मातीचे बैल पुजतो. त्या पुजेसाठी गावोगावच्या कुंभारांनी, म्हाताऱ्यांनी, पोरींनी घडवलेले ते कच्चे बैल. गेणूभाऊ ज्या गावी जात तिथला एक मागून आणत आणि कापसात गुंडाळून घेऊन येत. दोन बैल एकसारखे नव्हते. एकाचं वशिंड अंगापेक्षा मोठं, एकाचे पाय पाटाच्या खुरांसारखे, एक नुसताच मान खाली घालून उभा, जसा काही दिवसभर राबून आत्ताच सुटलाय. निघोजच्या एका म्हातारीनं केलेल्या बैलाला गुंजांचे डोळे होते. दिवा त्याच्यासमोरून नेला की तो तुमच्याकडं बघतो असं वाटे. मी तसा देवभोळा नाही, पण त्या फळीपुढं मोठ्यानं बोलायची मला कधी छाती झाली नाही.

"बघायचं डोळ्यानं," गेणूभाऊ बजावायचे. स्वतः मात्र रोज संध्याकाळी कोंबडीच्या पिसानं त्यांच्यावरची धूळ झाडायचे.

मग बहात्तरचा दुष्काळ आला. माणसं पाझर तलावाच्या कामावर खडी फोडायला लागली. कुणाची जनावरं छावणीत गेली, कुणाची बाजारात. पोळ्याच्या आदल्या दिवशी, एरवी बैलांचे खांदे मळायच्या वेळेला, पलीकडच्या मळ्यातला म्हादबा गेणूभाऊंच्या दारात येऊन उभा राहिला. मी तिथंच ओट्यावर पेपर वाचत होतो.

"डरेसर, जोडी तर गेली," म्हादबा म्हणाला. "मातीचा आणावा म्हनलं, तर कुंभारबी खडी फोडाया गेलाय. म्हातारी सकाळधरनं जेवली न्हाई. म्हनती, पोळ्याला दावण मोकळी ठिवायची न्हाई. येखांदा बैल देता का?"

मी पेपर खाली घेतला. ज्या फळीला ते माझं बोट लागू देत नव्हते, तिच्यावरचा बैल मळ्यात जाणार? नाही म्हणतील, नक्की नाही म्हणतील, असं मला वाटलं. ते उठले, आत गेले, आणि बाहेर आले तेव्हा त्यांच्या ओंजळीत गुंजांच्या डोळ्यांचा बैल होता. सगळ्यांत लाडका.

"शिंगाला धरू नगं," एवढंच म्हणाले.

खबर लपते थोडीच? दिवेलागणीपर्यंत दारात रांग लागली. दावण मोकळी असलेलं घर त्या वर्षी काही एकच नव्हतं. ज्याला त्याला त्याच्या गोठ्याला शोभेल असा बैल निवडून देत गेणूभाऊंनी अख्खी फळी रिकामी केली. परत आणून द्या, असं सांगायचं त्यांना सुचलंच नाही. आणि पुजलेला देव परत करायचा असतो, हे लोकांना ठाऊक नव्हतं.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी फळी पुसून ठेवली, कापूस पिंजून ठेवला आणि ओट्यावर वाट बघत बसले. संध्याकाळी म्हादबा आला. हातात फडक्याखाली झाकलेली ताटली. रेशनवरच्या मिलो ज्वारीची लाल भाकरी आणि वर गुळाचा खडा.

"पुरणाचं काय जमलं न्हाई," तो म्हणाला. "गोड मानून घ्या."

"अन् बैल?"

"सकाळीच बोळवला की. हिरीत पानी कुठलं? घमेल्यात इरघळवला. पन पानी वाया न्हाई जाऊ दिलं हां डरेसर, लिंबाच्या रोपाला घातलं."

माझ्या तोंडाशी शब्द आले होते. वेड्या, काय केलंस, असं ओरडणार होतो. मागोमाग आणखी दोघं-तिघं आले, सगळ्यांची तीच कथा. कुणी तुळशीला घातलं, कुणी बांधावरच्या बोरीला. गेणूभाऊंनी ताटली मांडीवर घेतली.

"नीट पुजला ना?" शेवटी त्यांनी विचारलं.

"लई नीट," म्हादबा म्हणाला. "म्हातारीनं तोंडावरनं पदर फिरवला. म्हनली, आपला राजाच आलाय. मंग जेवली."

"जेवली?"

"व्हय. दोन दिसांनी."

गेणूभाऊंनी भाकरीचा तुकडा मोडला, गुळाला लावला आणि तोंडात घातला. "मंग झालं," म्हणाले. त्या क्षणी तो माणूस मला आमच्या सगळ्या गावापेक्षा उंच वाटला. मी आयुष्यभर पुस्तकं जमवली. त्यातलं एक जरी कुणी भिजवलं असतं तरी मी त्याचं तोंड पाहिलं नसतं. फळी मात्र रिकामीच राहिली. तिच्यावर त्यांनी दुसरं काही मांडलं नाही.

पुढच्या वर्षी पाऊस झाला. म्हादबानं एक गोऱ्हा आणला, दुसरा बैल शेजाऱ्याचा, आळीपाळीनं जुंपायच्या सावडीवर. पोळ्याची मिरवणूक आमच्या ओळीवरून निघाली तेव्हा गेणूभाऊंचं दार आतून बंद होतं. दर पोळ्याला ते तसंच असे; मला वाटायचं, त्यांना वाजंत्रीचा त्रास होतो. म्हादबानं वाजंत्री थांबवली आणि दाराला हाक दिली.

"डरेसर, दार उघडा. बैल आलाय."

बऱ्याच वेळानं दार किलकिलं झालं. "आरं, नगं," आतून आवाज आला. "मला बगून बुजतील. सुईवाला म्हून वळखत्यात सगळी. सणाच्या दिशी कशाला तरास?"

"ह्यो नवा हाय. अजून सुई खाल्ली न्हाई."

गेणूभाऊ उंबऱ्यात आले. शिंगांना हिंगूळ, कपाळावर बाशिंग, आणि बैल त्यांच्या दारात शांत उभा. ही पाण्याचा तांब्या आणि ताट घेऊन धावली. "वहिनी, पाय मी धुतो," म्हणत गेणूभाऊ खाली बसले आणि चारही पाय धुतले. मग पोळी भरवली. माझ्याकडं न बघता म्हणाले, "आमचा बा दुसऱ्याच्या बैलामागं मेला, सर. मी दुसऱ्याच्या बैलास्नी टोचत फिरलो. आपल्या दाराम्होरं ह्यो पयलाच."



मिरवणूक पुढं गेली. ही अंगण झाडायला खराटा घेऊन आली तर गेणूभाऊ दोन्ही हात पसरून मधे उभे. उंबऱ्यापुढच्या ओल्या मातीत बैलाचं एक पाऊल स्पष्ट उठलं होतं. त्यांनी घरातली पाटी आणली, त्याच्यावर पालथी घातली आणि वर दगड ठेवला.

"जरा बाजूनं जावा, वहिनी," म्हणाले.

कितीतरी दिवस आम्ही बाजूनं जात होतो.