लवकी क्रमांक एक

रचना मेश्राम यांची नेमणूक योगशिक्षिका म्हणून झाली होती, हे खुद्द त्यांनाही अधूनमधून आठवावं लागे. सकाळी सहाला उपकेंद्राच्या अंगणात योगवर्ग, आठनंतर सामुदायिक परसबाग, अकरानंतर सकस आहारावर प्रबोधन आणि उरलेल्या दिवसात या तिन्हींचे फोटो पाठवणं, असा त्यांचा दिनक्रम होता. नवेगाव बांधापासून चार किलोमीटरवरच्या एका टोल्यावर, म्हणजे छोट्या वस्तीवर, त्या मोपेडने येत. निघण्याआधी स्टीलच्या गिलासात चहा आणि त्यात बुडवून दोन टोस्ट, हा त्यांचा स्वतःचा सकस आहार.

परसबागेत त्या वर्षी बारा प्रकारच्या भाज्या लावल्या होत्या. पालक गाईंनी खाल्ला, टमाटे माकडांनी नेले, वांगी किडीला आवडली. थोडक्यात, माणसं सोडून टोल्यावरच्या सगळ्या जीवांचं पोषण झालं. सप्टेंबर संपता संपता मांडवावर एकच लवकी उरली. कागदोपत्री तिला दुधी भोपळा म्हणतात. हातभर लांब, कोवळी, अंगावर अजून लव असलेली.

या लवकीवर फुलवंताचा हक्क होता. तिला सातवा महिना लागला होता, तपासणीत रक्त कमी भरलं होतं आणि योजनेच्या यादीत ‘प्राधान्य लाभार्थी क्रमांक एक’ तीच होती. वेलाला पाणीही तीच घालायची, कारण हापसी तिच्या दारासमोर होती.

“मॅडम, लवकी भरली जी,” ती म्हणाली. “चन्याची डाळ टाकून खावीशी वाटून राहिली मले. तोडू का?”

“तुझीच आहे ती. आज फोटो पाठवते, उद्या तोड.”

चुकलं ते इथे. फोटो जिल्ह्याच्या पोषण-योग समन्वय कक्षात पोचला आणि तिथे आनंदाची लाट उसळली. जिल्ह्यातल्या एकूण चाळीस परसबागांमध्ये जिवंत भाजीचा हा पहिलाच फोटो होता. दुसऱ्याच दिवशी पत्र आलं. सदर दुधी भोपळा लाभार्थीस मा. साहेबांच्या शुभहस्ते प्रदान करण्यात येईल. तोपर्यंत तो वेलीवरच राहील याची दक्षता घ्यावी. कसूर झाल्यास योगशिक्षिकेच्या पुनर्नियुक्तीचा विचार केला जाणार नाही.

पुनर्नियुक्ती मार्चमध्ये होती. रचना मॅडमनी पत्र दोनदा वाचलं आणि परसबाग समितीचे अध्यक्ष हेमराज यांना बोलावलं. हेमराज यांना आजवर अध्यक्षपदाचं काही काम पडलं नव्हतं, ती कसर त्यांनी आठवड्यात भरून काढली. लवकीला क्रमांक दिला. भोवती जाळी लावली. नोंदवही उघडली, त्यात लांबी, घेर, रंग आणि शेरा असे रकाने पाडले. पहाऱ्याला माणसं मिळेनात, तेव्हा योगवर्गच मांडवाखाली हलवण्यात आला. शवासन मात्र बंद झालं. पहाऱ्यावर डोळे मिटून पडणं नियमात बसत नव्हतं.

साहेब ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात येणार होते. त्यांना बैठक निघाली. मग तिसऱ्या आठवड्यात येणार होते, तर गाडी निघाली नाही. दरम्यान आमगावकडची एक अभ्यास-तुकडी येऊन लवकी पाहून गेली. सकस आहाराच्या वर्गात रचना मॅडम लवकीकडे बोट दाखवून लवकीचे गुण सांगत. पचायला हलकी, गरोदर बाईला उत्तम. बाया माना डोलवत, फुलवंता पहिल्या ओळीत बसून ऐके आणि वर्ग संपला की उठून वेलाला पाणी घाली.

एका बुधवारी रचना मॅडमना राहवलं नाही. त्यांनी बाजारातून एक लवकी आणली आणि गुपचूप फुलवंताच्या पदरात टाकली. हेमराज नेमके समोरून आले.

“मॅडम, हे काय करून राहिल्या तुम्ही?”

“अहो, बाजारातली आहे. माझ्या पैशाची.”

“पैशाचं नाही म्हणत जी मी. हिनं आजच लवकी खाल्ली, तर ही लवकीपासून वंचित राहते का? अन् वंचित नाही, तर लाभार्थी कायची? मंग साहेब लवकी देतीन कोनाले?”

समितीने ठराव करून बाजारातली लवकी जप्त केली आणि अध्यक्षांच्या घरी तिची विल्हेवाट लावण्यात आली, चन्याची डाळ टाकून.

नोव्हेंबर उजाडला. लवकीची लव गेली, साल निबर झाली. फुलवंताला नववा लागला होता. एका सकाळी रचना मॅडम वर्गाच्या अर्धा तास आधी आल्या, पिशवीत चाकू घेऊन. मांडवाखाली फुलवंता उभीच होती.

“तोडा ना जी मॅडम,” ती हळूच म्हणाली. “आतून अजून नरम असन.”

रचना मॅडमनी जाळी बाजूला केली. देठाला हात लावला. मग त्यांना मार्च महिना आठवला, धाकटीच्या शाळेची फी आठवली, मोपेडचे हप्ते आठवले. त्यांना स्वतःची लाज वाटली, अगदी मनापासून वाटली. लाज वाटत असतानाच त्यांनी चाकू पिशवीत ठेवला आणि जाळी सारखी केली.

“पुढच्या आठवड्यात नक्की येणार आहेत गं,” त्या म्हणाल्या.

फुलवंताने बादली उचलली. दहा दिवसांनी ती बाळंत झाली. मुलगी झाली, वजनाला कमी. त्या दिवशीच्या नोंदवहीत हेमराज यांच्या अक्षरात शेरा आहे : प्रकृती उत्तम. तो लवकीबद्दल आहे.

साहेब फेब्रुवारीत आले. मंडप घातला होता, नाश्त्याला समोसे आणि जिलेबी होती. वेल कधीच वाळून गेला होता, पण लवकी जागच्या जागी होती, पिवळट, लाकडासारखी कडक. साहेबांनी बोटाने वाजवून पाहिली. टणटण आवाज आला.

“वा, क्वालिटी अच्छी है,” साहेब म्हणाले. “टिकाऊ है. मॅडम, फोटो ठीक से आना चाहिए.”

लवकी फुलवंताच्या हाती देण्यात आली. आतल्या सुकलेल्या बिया खुळखुळल्या, तशी तिच्या कडेवरच्या तीन महिन्यांच्या पोरीने आवाजाकडे मान वळवली आणि हसली. या योजनेचा प्रत्यक्ष लाभ मिळालेली ती पहिली व्यक्ती.

“साहेब, आता याचं करू काय मी?” फुलवंताने विचारलं.

तिचे सासरे चैतराम मागून म्हणाले, “दे इकडे. तोंड कापून तुंबा करतो. धानाच्या बांधीवर पानी न्याले होईन.”

साहेबांनी ते ऐकलं आणि लवकी जलसंधारणाखालीही दाखवायला सांगितली. आठवड्याभरात आदेश निघाला : पुढच्या हंगामात प्रत्येक गावाने किमान एक दुधी भोपळा लावावा आणि मान्यवर येईपर्यंत जपावा. रचना मॅडमची पुनर्नियुक्ती झाली.

ती बातमी घेऊन त्या घरी आल्या आणि चहा टाकला. शोकेसमध्ये लग्नात आलेला कपबश्यांचा सेट होता, गुलाबी फुलांचा, सोळा वर्षांत एकदाही न काढलेला. पाहुण्यांसाठी. त्यांनी काचेला हात लावला, देठाला लावला होता तसाच. मग स्टीलचा गिलास घेतला.

तुम्ही हसत असाल तर हसा. पण तसा एक सेट तुमच्याही घरी काचेमागे आहे. ज्या बाईने तो दर दिवाळीला एकेक कप पुसून परत ठेवला, तिने त्यातून एकदा तरी चहा प्यायला का, तेवढं आत जाऊन विचारून या. विचारायला ती अजून असेल तर.