अकरा टवके आणि एक लाल मार्कर

माणसाने दुसऱ्याच्या वस्तूचा हेवा करू नये, असं मुद्रितशोधकांचं ठाम मत होतं. साडूची गाडी समोर उभी नसली की ते हे मत आवर्जून मांडत.

पण त्या रविवारी ती समोरच उभी होती. चार वर्षं जुनी, पांढरीशुभ्र, अंगावर ओरखडा नाही! मुद्रितशोधकांची गाडीही पांढरीच, तेवढ्याच वयाची. पण दोघी शेजारी उभ्या राहिल्या की एक नवरी वाटे आणि दुसरी तिच्या लग्नात राबलेली मावशी.

"भावोजींनी रंगाचे उडालेले टवके स्वतः भरले हो!" बायको म्हणाली. "कुठे होते, ओळखून दाखवा."

मुद्रितशोधकांनी बॉनेटवरून नख फिरवलं. तीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका शोधून पोट भरलेला माणूस! पण एक चूक सापडेल तर शपथ.

"सोपं असतं हो," साडू नम्रपणे म्हणाले. या माणसाचा नम्रपणाच मुद्रितशोधकांच्या डोक्यात जायचा.

त्यात सासरेबुवांनी ठिणगी टाकली. पुढच्या रविवारी त्यांच्या जुन्या शाळेत त्यांचा सत्कार होता. "फाटकात सगळे वर्गमित्र उभे असणार," ते म्हणाले. "जी गाडी बरी दिसेल, तिच्यातून उतरीन म्हणतो."

गेल्या तिन्ही समारंभांना ते साडूंच्या गाडीतून उतरले होते. मुद्रितशोधकांनी मनाशी ठरवलं, की चौथ्यांदा हे होणे नाही!

शनिवारी सकाळी त्यांनी गाडी धुतली, रंगाची छोटी बाटली आणली, आणि मग ते केलं जे जगात फक्त मुद्रितशोधकच करू शकतो. रंग लावण्याआधी त्यांनी गाडी तपासली. कार्यालयातला, गठ्ठ्यांवर लिहायचा लाल मार्कर घेऊन प्रत्येक टवक्याभोवती वर्तुळ काढलं, वर्तुळापासून काचेपर्यंत, मुद्रितात समासापर्यंत ओढतात तशी, रेघ ओढली आणि रेघेच्या टोकाला क्रमांक टाकला. एकूण अकरा. डाव्या दारावर तर हाताला सवय म्हणून 'पुन्हा पाहावे' असंही लिहिलं गेलं.

मग त्यांनी काडीच्या टोकाने रंगाचा एकेक थेंब टवक्यांत सोडला. वाळू दिला. परत सोडला. आणि काय सांगावं! अकराच्या अकरा टवके गायब! राहिली ती फक्त वर्तुळं.

ती पाण्याने गेली नाहीत. साबणाने गेली नाहीत. थिनरने मात्र हलली; म्हणजे पसरून गुलाबी झाली. पुरता गेला तो फक्त ताजा भरलेला रंग.

बायको चहा घेऊन बाहेर आली आणि कप हातातच धरून उभी राहिली.

"अहो, गाडीला गोवर आलाय का?"

"काम चालू आहे."

"आणि हे 'पुन्हा पाहावे' कोणासाठी? बाबांसाठी?"

"तू आत जा बघू!"

ती आत गेली आणि तिने थेट बहिणीला फोन लावला. अर्ध्या तासात साडू हजर! हातात पॉलिशचा डबा, खांद्यावर मऊ फडकी.

"घाबरू नका, होतं असं," साडू म्हणाले.

"तुमचं झालं होतं?"

"नाही, माझं नाही झालं."

साडूंनी पहिलं वर्तुळ घासून काढलं. तेवढी जागा इतकी चमकली, की उरलेली गाडी कळकट दिसू लागली. मग पूर्ण गाडी घासणं आलं. साडूंनी गाडी घासली, टवके पुन्हा भरले, वर चाकंही पुसली. मुद्रितशोधक फडकं पिळून देत होते आणि मनातल्या मनात प्रार्थना करत होते, की या माणसाच्या हातून एकदा तरी, एखादा तरी थेंब ओघळू दे! ओघळला नाही.

रविवारी दोन्ही गाड्या दारात लागल्या. सासरेबुवा काठी टेकत दोघींभोवती फिरले आणि मुद्रितशोधकांच्या गाडीपाशी थांबले.

"वा! ही न्यायची!"

मुद्रितशोधकांची छाती वीतभर फुगली. त्यांनी खिशातून किल्ली काढली.

"बाबा, भावोजींनी काल दिवसभर खपून केलीय," बायको म्हणाली. खोटं बोलायचं तिला कधी सुचतच नसे.

"असं? मग मोठे जावईबापू, तुम्हीच चालवा," सासरेबुवा म्हणाले. "ज्याने हात लावलाय, तोच जपून नेईल."

सासरेबुवा पुढे बसले, दोघी बहिणी मागे बसल्या. साडूंनी नम्रपणे हात पुढे केला आणि मुद्रितशोधकांना त्यात किल्ली ठेवावी लागली. बदल्यात साडूंची किल्ली मिळाली. सासरेबुवांची घडीची खुर्ची आणि सत्काराचे हार कोणीतरी मागून आणायला हवेच होते.

गाडी निघाली. तिच्यामागे मुद्रितशोधक एकटेच साडूंची गाडी चालवत निघाले.

तिचे गिअर लोण्यासारखे पडत होते.